डू साबल हायस्कूल
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहराच्या दक्षिण भागातील एक पूर्वीचे सार्वजनिक माध्यमिक विद्यालय. साउथ वाबॅश मार्गावरील इमारतीत ते १९३५ पासून २००६ पर्यंत चालले. शिकागोच्या शालेय मंडळाने कृष्णवर्णीय वस्तीसाठीच म्हणून बांधलेले हे पहिले हायस्कूल होय. जॅझ संगीताच्या इतिहासात त्याला लाभलेले स्थान अमेरिकेतील फारच थोड्या शाळांच्या वाट्यास आले असेल. तथापि या विद्यालयाचा इतिहास नामवंत विद्यार्थ्यांच्या यादीपुरता मर्यादित नाही. शाळा वस्तीची असली, की वस्तीच्या सीमा ज्या हेतूने आखल्या जातात त्या हेतूचे परिणाम शाळेलाही भोगावे लागतात, याचे ते एक ठळक उदाहरण आहे.

अमेरिकेतील बहुतेक शहरांत सार्वजनिक शाळेतील प्रवेश पालकांच्या पसंतीवर किंवा परीक्षेतील गुणांवर नव्हे, तर मुलाच्या राहत्या घराच्या पत्त्यावर अवलंबून असे. शालेय मंडळ प्रत्येक शाळेचे प्रवेशक्षेत्र नकाशावर आखून देई आणि त्या रेषेच्या आत राहणाऱ्या मुलाला त्या शाळेत प्रवेशाचा हक्क मिळे. अशा शाळेस परिसर-विद्यालय म्हणता येईल. वरवर पाहता ही व्यवस्था निःपक्षपाती वाटते. इलिनॉय राज्यात वर्णावरून मुलांना शाळेतून वगळण्यास एकोणिसाव्या शतकातच कायद्याने बंदी झाली होती. दक्षिणेकडील राज्यांप्रमाणे गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वेगळ्या शाळा ठेवण्याची कायदेशीर सोय शिकागोत नव्हती. परंतु जे कायद्याला करता येत नव्हते ते घरांच्या नकाशाने केले.

१९१० मध्ये शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या सु. ४४,००० होती, ती १९२० मध्ये १,०९,००० वर व १९३० मध्ये २,३३,००० वर गेली. दक्षिणेकडील शेतमजुरीचे दारिद्र्य व झुंडींचे अत्याचार यांना कंटाळून आणि कत्तलखाने, पोलाद कारखाने व रेल्वे यांतील रोजगाराच्या आशेने ही कुटुंबे आगगाडीने उत्तरेस येत. शहरात मात्र त्यांना एका अरुंद, दक्षिणोत्तर पट्ट्याबाहेर घर मिळणे जवळजवळ अशक्य होते. जुलै १९१९ मधील वांशिक दंगलीत ३८ माणसे मारली गेली, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती. त्यानंतर घरमालकांनी आपापसांत करारनामे करून कृष्णवर्णीयांस घर विकण्यास वा भाड्याने देण्यास मनाई करण्याची पद्धत झपाट्याने पसरली. असे करार न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ मध्ये. तोपर्यंत हा पट्टा दाटत गेला. बाहेरचे लोक त्यास ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणत. आतल्यांनी त्याला ‘ब्राँझव्हिल’ हे अधिक अभिमानाचे नाव दिले. वृत्तपत्रे, बँका, विमा कंपन्या, चर्च, नाट्यगृहे व नृत्यशाळा असे एक स्वतंत्र शहरच त्यात उभे राहिले होते.

या वस्तीचे हायस्कूल म्हणजे १९०४ मध्ये सुरू झालेले वेंडेल फिलिप्स हायस्कूल. गुलामगिरीविरोधी चळवळीतील एका गोऱ्या पुढाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या शाळेत आरंभी बहुतेक मुले गोरी होती. पुढे वस्तीबरोबर शाळाही बदलली आणि १९२० च्या दशकात ती बव्हंशी कृष्णवर्णीयांची झाली. तीत जागा पुरेनाशी झाली, तेव्हा दोन मार्ग होते : प्रवेशक्षेत्राच्या रेषा बदलून मुलांना शेजारच्या गोऱ्यांच्या शाळांत जाऊ देणे किंवा पट्ट्यातच दुसरी शाळा बांधणे. मंडळाने दुसरा मार्ग पत्करला. पॉल गेरहार्ट (थोरले) या वास्तुशास्त्रज्ञाने आराखडा केलेल्या नव्या इमारतीचे काम १९३१ मध्ये सुरू झाले. महामंदीमुळे ते रेंगाळले व संघीय सरकारच्या सार्वजनिक बांधकाम योजनेतील निधीच्या साहाय्याने पुरे झाले. जानेवारी १९३५ मध्ये जुन्या फिलिप्स शाळेस आग लागल्यामुळे पुढच्याच महिन्यात घाईने वर्ग नव्या इमारतीत हलविण्यात आले. म्हणजे विद्यालयाचा आरंभ समारंभाने झाला नाही, अपघाताने झाला.

पहिले वर्षभर त्याचे नावही ‘न्यू वेंडेल फिलिप्स’ असेच होते. १९३६ मध्ये त्यास झां बाप्तीस्त प्वां द्यू साब्ल याचे नाव देण्यात आले. फ्रेंच भाषक असलेला हा कृष्णवर्णीय व्यापारी अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकागो नदीच्या मुखाशी घर, कोठारे व गुरे बाळगून राहत होता. मूळ रहिवासी जमाती सोडल्यास या जागी कायमची वस्ती करणारा तो पहिला मनुष्य होय. १८०० मध्ये त्याने तेथील मालमत्ता विकली व १८१८ मध्ये मिसूरी नदीकाठच्या सेंट चार्ल्स येथे तो मरण पावला. शिकागोकरांच्या तोंडी त्याच्या नावाचा उच्चार ‘डू साबल’ असा रूढ झाला आहे. शहराचा आद्य रहिवासी आपल्यापैकी होता, हे शाळेच्या दर्शनी भागावर लिहिले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शहराच्या इतर भागांतील पाठ्यपुस्तके त्याचा क्वचितच उल्लेख करीत.

हायस्कूलचे शिक्षण मिळणे ही या वस्तीतील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने स्थलांतराची फलश्रुती होती. पुढे एबनी नियतकालिकाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झालेले जॉन एच. जॉन्सन (१९१८–२००५) यांची हकिगत या बाबतीत बोलकी आहे. आर्कॅन्सॉ राज्यातील त्यांच्या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी आठव्या इयत्तेपुढे शाळाच नव्हती. मुलाने रिकामे बसू नये म्हणून आईने त्यांना पुन्हा आठवीतच बसविले आणि त्या वर्षात स्वयंपाकाची कामे करून प्रवासापुरते पैसे साठविले. १९३३ मध्ये मायलेक शिकागोला आले. जॉन्सन प्रथम फिलिप्समध्ये व नंतर नव्या इमारतीत शिकले आणि १९३६ मध्ये उत्तीर्ण झाले. निग्रो डायजेस्ट (१९४२), एबनी (१९४५) व जेट (१९५१) ही त्यांची नियतकालिके देशभर घरोघरी वाचली गेली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन (१९२२–८७) हेही येथलेच विद्यार्थी. अडथळ्यांच्या शर्यतीत ते चमकले, परंतु शेवटची परीक्षा न देताच त्यांनी शाळा सोडली होती.

शिक्षकवर्गात कृष्णवर्णीय व गोरे दोन्ही होते. कृष्णवर्णीय शिक्षकांना शहरातील बहुतेक शाळांची दारे बंद असल्यामुळे उच्चशिक्षित माणसे या एका-दोन शाळांत एकवटत. अन्यायाचा हा एक अनपेक्षित लाभ होता व तो मुलांना मिळाला. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या मेरी हेरिक या गोऱ्या शिक्षिकेचे नाव अनेक माजी विद्यार्थी आदराने घेत. शिकागोच्या शाळांचा सामाजिक व राजकीय इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही तो या विषयावरील आधारभूत ग्रंथांत गणला जातो.

विद्यालयाची कीर्ती दूरवर नेली ती मात्र संगीतशिक्षक कॅप्टन वॉल्टर डायेट (१९०१–६९) यांनी. मिसूरी राज्यात जन्मलेले डायेट मूळचे व्हायोलिनवादक. वैद्यकाचा पूर्वाभ्यास सोडून ते शिकागोस आले, मूकपटगृहातील वाद्यवृंदात वाजवू लागले आणि आठव्या पायदळ पलटणीच्या बँडचे प्रमुख झाले. ‘कॅप्टन’ ही उपाधी तेथली. १९३१ मध्ये ते फिलिप्समध्ये रुजू झाले आणि नव्या इमारतीबरोबर डू साबलमध्ये आले. पुढील पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी तेथे शिकविले. त्यांचा वर्ग हौशी मुलांचा वर्ग नव्हता. स्वरलेखन वाचता आलेच पाहिजे, वेळेवर आलेच पाहिजे, वाद्य स्वच्छ असलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. बेशिस्त मुलाला ते सर्वांसमक्ष बँडबाहेर काढीत आणि बहुधा काही दिवसांनी परत घेत. मुलांना ते संचलनाचा बँड, मैफलीचा वाद्यवृंद व नृत्यसंगीताचा बँड अशा तिन्ही प्रकारांत तयार करीत. कोणत्या मुलाने कोणते वाद्य घ्यावे हेही पुष्कळदा तेच ठरवीत : सॅक्सोफोनसाठी आलेल्या मुलाच्या हाती आधी क्लॅरिनेट देण्याचा त्यांचा परिपाठ जॉनी ग्रिफिन यांच्यासारख्या पुढे श्रेष्ठ ठरलेल्या वादकांनी आवर्जून सांगितला आहे. ग्रिफिन १९४५ मध्ये शाळा संपताच लायोनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित बँडमध्ये दाखल झाले.

वाद्ये व गणवेश यांसाठी मंडळाकडून मिळणारा पैसा अपुरा असे. तो उभा करण्यासाठी डायेट यांनी ‘हाय-जिंक्स’ नावाचा वार्षिक रंगमंचीय कार्यक्रम सुरू केला. गाणी, नृत्ये व विनोदी प्रवेश यांचा हा प्रयोग मुलेच लिहीत, बसवीत व सादर करीत. वस्तीतील लोक तिकिटे काढून गर्दी करीत. अशा रीतीने वस्तीच आपल्या शाळेच्या संगीतशिक्षणाचा खर्च काही अंशी उचलीत होती. सॅक्सोफोनवादक जीन अ‍ॅमन्स, व्हॉन फ्रीमन, एडी हॅरिस, क्लिफर्ड जॉर्डन व जॉन गिलमोर, पियानोवादक डॉरथी डोनेगन, डबल-बास वादक रिचर्ड डेव्हिस, गायक जॉनी हार्टमन, व्हायोलिनवादक लिरॉय जेन्किन्स, प्रयोगशील संगीतकार जोसेफ जार्मन हे सर्व डायेट यांचे विद्यार्थी. फिलिप्समधील त्यांच्या विद्यार्थ्यांत नॅट किंग कोल यांचा समावेश होतो. या नामावलीतील वादकांच्या शैली परस्परांहून इतक्या भिन्न आहेत, की डायेट यांनी आपली शैली शिष्यांवर लादली नाही, हे त्यावरून उघड व्हावे.

त्या काळी शिकागोतील वादकांच्या कामगार संघटनाही वर्णावरून वेगळ्या होत्या : गोऱ्यांची क्रमांक १० ची व कृष्णवर्णीयांची क्रमांक २०८ ची. त्या दोन्ही १९६६ मध्ये एक झाल्या. शास्त्रोक्त शिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीय वादकाला मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात जागा मिळण्याची आशा जवळपास नव्हती. डायेट यांच्या वर्गात बाख व बीथोव्हन यांच्या रचना वाजविणारी मुले रात्री वस्तीतील नृत्यगृहांत जॅझ वाजवू लागली, यामागे आवडीइतकेच हेही कारण होते.

कलाशिक्षिका मार्गारेट बरोज (१९१५–२०१०) यांनी येथे १९४६ ते १९६९ अशी तेवीस वर्षे शिकविले. चित्रकार व कवयित्री असलेल्या बरोज यांना पाठ्यक्रमात कृष्णवर्णीयांचा इतिहास नसणे खटकत होते. १९६१ मध्ये पती चार्ल्स बरोज यांच्यासह त्यांनी मिशिगन मार्गावरील आपल्या राहत्या घरात ‘एबनी म्यूझियम ऑफ निग्रो हिस्टरी अँड आर्ट’ हे संग्रहालय उघडले. १९६८ मध्ये त्याला डू साबलचे नाव मिळाले व १९७३ मध्ये ते वॉशिंग्टन पार्कमधील प्रशस्त इमारतीत गेले. या विषयाला वाहिलेल्या देशातील आद्य स्वतंत्र संग्रहालयांत त्याची गणना होते.

मार्च १९५४ मध्ये विद्यालयाचा ‘पँथर्स’ हा बास्केटबॉल संघ इलिनॉय राज्याच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यास पोहोचला. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय असलेला संघ तेथवर जाण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रशिक्षक जिम ब्राउन यांच्या हाताखाली पॅक्स्टन लंपकिन, चार्ली ब्राउन व त्यांचे सहकारी अत्यंत वेगवान खेळ करीत; त्या मोसमात त्यांनी तोपर्यंत एकही सामना गमावला नव्हता. शँपेन येथे माउंट व्हर्नन या संघाने त्यांना ७६–७० असे हरविले. पंचांच्या काही निर्णयांबद्दलची तक्रार वस्तीत पुढे दशकानुदशके सांगितली गेली. दोनच महिन्यांनी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील कायदेशीर वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. डू साबलच्या वर्गांत मात्र त्या निर्णयाने काहीही बदलले नाही. कारण येथील विभाजन कायद्यात लिहिलेले नव्हते. ते पत्त्यात होते.

शहराची कृष्णवर्णीय लोकसंख्या १९५० मधील ४,९२,००० वरून १९६० मध्ये ८,१२,००० वर गेली. पट्ट्यातील शाळा गच्च भरल्या, काही ठिकाणी दोन पाळ्यांत चालू लागल्या. जवळच्याच गोऱ्या वस्त्यांतील शाळांत मात्र बाके रिकामी असल्याचे पाहणीत दिसून येत होते. अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी प्रवेशक्षेत्राच्या रेषा बदलण्याऐवजी शाळांच्या आवारात चाके लावलेल्या तात्पुरत्या खोल्या आणून ठेवल्या. लोकांनी त्यांना उपहासाने ‘विलिस वॅगन’ म्हटले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. परिसर-विद्यालयाच्या तत्त्वाचा कैवार त्या वेळी अधीक्षक घेत होते आणि त्यावर हल्ला नागरी हक्कांचे कार्यकर्ते चढवीत होते, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच सुमारास विद्यालयासमोर, स्टेट मार्गाच्या पलीकडे, रॉबर्ट टेलर होम्स ही सार्वजनिक गृहवसाहत उभी राहिली (१९६२). प्रत्येकी १६ मजल्यांच्या २८ इमारती, सु. ४,३०० घरे आणि भराच्या काळात सु. २७,००० रहिवासी असा तिचा पसारा दोन मैल लांब होता. जिच्या नावाने ती ओळखली गेली तो रॉबर्ट टेलर शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. मिश्रवर्णीय वसाहतींसाठी सर्व भागांत जागा देण्यास नगरपरिषदेने नकार दिल्यामुळे त्याने १९५० मध्ये पद सोडले होते. ज्या धोरणाविरुद्ध त्याने राजीनामा दिला त्याच धोरणाचे सर्वांत प्रचंड स्मारक त्याच्या नावे झाले. वसाहतीच्या पश्चिमेस नवा द्रुतगती महामार्ग आल्याने पलीकडच्या गोऱ्या वस्तीशी असलेला रस्त्यांचा संबंधही क्षीण झाला.

याच काळात करारनाम्यांची पकड सैल झाल्यामुळे डॉक्टर, शिक्षक, टपाल कर्मचारी, दुकानदार अशी स्थिरावलेली कुटुंबे दक्षिणेकडील इतर भागांत जाऊ लागली. त्यांनी का जाऊ नये, असा प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरेल. हा हक्क मिळविण्यासाठीच वस्तीने लढा दिला होता. परंतु एकाच वर्गात न्यायाधीशाचा व हमालाचा मुलगा शेजारी बसण्याची जुनी स्थिती त्यामुळे संपली. मागे राहिली ती ज्यांना निघता येत नव्हते त्यांची मुले. कत्तलखाने १९७१ मध्ये कायमचे बंद झाले, पोलादाचा व्यवसाय खालावला, आणि ज्या रोजगारासाठी आजोबा उत्तरेस आले होते तो नातवांना उरला नाही. विद्यालय ज्या ग्रँड बुलेव्हार्ड विभागात आहे तेथे १९५० मध्ये सु. १,१४,००० लोक राहत. २०१० मध्ये तेथे सु. २२,००० उरले. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत जुन्या डू साबलचे वर्णन सुवर्णयुगासारखे येते व ते बव्हंशी खरेही आहे. मात्र त्या सुवर्णयुगाच्या चारी बाजूंना भिंत होती, हे विसरून त्याची तुलना नंतरच्या दशकांशी करणे योग्य होणार नाही.

१९८५ मध्ये विद्यालयात आरोग्यकेंद्र उघडण्यात आले. किशोरवयीन मातांची संख्या लक्षात घेऊन तेथे संततिनियमनाची साधनेही देण्यात येत; त्यावरून धर्मोपदेशकांनी मोठा विरोध केला व शाळेचे नाव पुन्हा एकदा देशभर, या वेळी निराळ्या कारणाने, गाजले. १९८३ मध्ये महापौर झालेल्या हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी शालेय सुधारणेसाठी व्यापक विचारविनिमय सुरू केला. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यातून निघालेल्या १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेस पालकांचे प्राबल्य असलेली स्थानिक परिषद मिळाली व मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही तिला लाभला. १९९५ च्या कायद्याने मात्र सत्ता पुन्हा महापौराच्या हाती एकवटली. परीक्षांतील गुण हा आता शाळा जोखण्याचा मुख्य निकष झाला आणि १९९७ मध्ये ज्या सात हायस्कुलांतील सर्व शिक्षकांना आपल्या जागेसाठी नव्याने अर्ज करण्यास सांगण्यात आले त्यांत डू साबल व फिलिप्स ही दोन्ही होती.

१९९८ ते २००७ या काळात रॉबर्ट टेलर होम्सच्या इमारती पाडण्यात आल्या. मुलेच उरली नाहीत, तेव्हा शाळेचा शेवट जवळ आला. डू साबलमधील नवे प्रवेश टप्प्याटप्प्याने थांबवून त्या इमारतीत लहान, विशिष्ट विषयांना वाहिलेली विद्यालये सुरू करण्यात आली. त्यांपैकी एकास डॅनिएल हेल विल्यम्स या, १८९३ मध्ये याच भागात हृदयावरील शस्त्रक्रिया करून कीर्ती मिळविलेल्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकाचे नाव आहे. २००६ मध्ये डू साबल हायस्कूल ही संस्था बंद झाली. १ मे २०१३ रोजी नगरपालिकेने इमारतीस संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्याच महिन्याच्या २२ तारखेस शालेय मंडळाने शहरातील ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती.

वॉशिंग्टन पार्कमधील एका हायस्कुलास वॉल्टर डायेट यांचे नाव देण्यात आले होते. तेही बंद करण्याचा निर्णय मंडळाने २०१२ मध्ये घेतला. ऑगस्ट २०१५ मध्ये तेथील पालक, आजी-आजोबा व कार्यकर्ते मिळून बारा जणांनी उपोषण आरंभले. त्यांची मागणी होती ती आसपासच्या प्रत्येक मुलास पत्त्याच्या आधारे प्रवेश देणाऱ्या शाळेची. १९६३ मध्ये जी रेषा वस्तीला तुरुंगाच्या भिंतीसारखी वाटत होती तीच आता हक्काची सनद म्हणून मागितली जात होती. उपोषण ३४ दिवस चालले. पुढील वर्षी, २०१६ मध्ये, डायेट यांच्या नावाचे विद्यालय कलाशिक्षणाचे परिसर-विद्यालय म्हणून पुन्हा उघडण्यात आले.